‘फोर्ट स्टिकीन’ची अखेरची सफर

दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटनची असंख्य मालवाहू जहाजे बुडवली. ही उणीव भरून काढण्यासाठी कॅनडात एकाच नमुन्याची साधी, भक्कम जहाजे झपाट्याने बांधली जाऊ लागली. ‘फोर्ट स्टिकीन’ हे त्यांपैकीच एक. १९४२ साली प्रिन्स रूपर्ट या बंदरात ते बांधले गेले. वेग नव्हे, तर अधिकाधिक माल वाहून नेणे हेच त्याचे काम होते.

फेब्रुवारी १९४४ मध्ये ते ब्रिटनमधील बर्कनहेडहून निघाले. त्यात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा, लढाऊ विमाने आणि सोन्याच्या विटा होत्या. कराचीत काही माल उतरवला गेला. मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड आणि गंधक भरण्यात आले. कप्तान नेस्मिथ यांनी हरकत घेतली. परंतु युद्धकाळात रिकामी जागा परवडत नव्हती. अखेर स्फोटकांच्या सान्निध्यातच कापूस रचला गेला.

१२ एप्रिल रोजी जहाज मुंबईत आले. स्फोटके असलेले जहाज धक्क्यापासून दूर उभे करून रिकामे करावे, असा नियम होता. युद्धाच्या निकडीपायी तो शिथिल झाल्याने जहाज थेट व्हिक्टोरिया गोदीत लागले.

१४ एप्रिलला दुपारी मालाच्या एका कप्प्यातून धूर येऊ लागला. बंबांनी पाण्याचा मारा केला, तरी कापूस आत धुमसतच राहिला. जहाज गोदीबाहेर न्यावे, बुडवावे, की आग विझवत राहावे, याबद्दल अधिकाऱ्यांचे एकमत होईना. अंतिम आज्ञा देणारे कोणीच नव्हते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि सुमारे अर्ध्या तासाने दुसरा. त्यांचे हादरे दूर सिमल्यातही नोंदले गेले.

या स्फोटांत जहाजासह गोदी, वखारी आणि आसपासची वस्ती उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसे दगावली आणि सुमारे ८०,००० बेघर झाली. आगीशी झुंजणारे अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. शत्रूने हल्ला केल्याची अफवा पसरली होती. प्रत्यक्षात मात्र घात केला तो निष्काळजीपणाने आणि लांबलेल्या निर्णयाने.

गोदीतील गाळ उपसताना पुढे अनेक वर्षांनीही सोन्याच्या विटा सापडल्या. गेलेली माणसे मात्र परतली नाहीत. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

पाठगत प्रश्न

१. कप्तानांनी कोणत्या गोष्टीला हरकत घेतली?
२. कोणता नियम शिथिल करण्यात आला होता? का?
३. तुमच्या कामाच्या ठिकाणी सुरक्षेचे कोणते नियम पाळले जातात, ते पाच वाक्यांत लिहा.