आधी त्यांची चूक बघ

अगं, बारावीची तीन मुलं संध्याकाळी तुझ्याकडे यायला लागली, त्यांचं फिजिक्स आणि मॅथ्स घेतेस, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आणि लगेच थोडी काळजीही वाटली. कारण पहिल्या आठवड्यात नवी शिकवणारी काय करते ते मला ठाऊक आहे. पुस्तक पहिल्या धड्यापासून काढते, नोट्स लिहून देते आणि घसा बसेपर्यंत बोलते. तू तसं करू नकोस. ही मुलं तोच धडा कॉलेजात ऐकतात, क्लासमध्ये शंभर जणांत बसून पुन्हा ऐकतात. तिसऱ्यांदा ऐकून काय होणार? क्लासच्या सरांना दिसू शकत नाही ते तुला दिसतं. गणित सोडवताना मुलाचा हात कुठे थांबला, काय लिहिलं, काय खोडलं, हे तू शेजारी बसून बघू शकतेस. तुझ्या शिकवणीचं सगळं मोल त्यात आहे, बाकीचं त्यांना दुसरीकडेही मिळतं.

एक नेहमीचा प्रश्न घे. तार ताणून लांबी दुप्पट केली तर तिचा रेझिस्टन्स किती पट होईल? मुलगी फटकन ‘दुप्पट’वर खूण करते. तो पर्याय तिथे असतोच, पेपर काढणाऱ्याने तो मुद्दामच ठेवलेला असतो. आता तू लगेच म्हणालीस, ‘अगं, एरियापण बदलतो ना’, की ती म्हणणार ‘हो हो, कळलं’, आणि पंधरा दिवसांनी तेच गणित पुन्हा चुकणार. त्यापेक्षा तिला फॉर्म्युला लिहायला सांग. ती तो बरोबर लिहील. मग एवढंच विचार, ‘ताणल्यावर तारेच्या जाडीचं काय झालं?’ आणि गप्प बस. ती वहीकडे बघेल, पेनाचं टोपण चावेल, तुझ्या तोंडाकडे बघेल. तरी बोलू नकोस. मिनिटभरात तिचं तिलाच लागेल की तार बारीक झाली, एरिया निम्मा झाला, म्हणजे लांबीमुळे दोन पट आणि एरियामुळे आणखी दोन पट, मिळून चौपट. या मुलीला फॉर्म्युला येत होता. तिच्या डोळ्यांसमोर तार नव्हती. तिला आणखी पन्नास फॉर्म्युले पाठ करायला लावलेस तर तिचा वेळ जाईल, दुखणं तिथेच राहील.

म्हणून प्रत्येकाला एक वेगळी वही घालायला सांग, चुकांची वही. चुकलेलं गणित त्यात पुन्हा सोडवायचं आणि खाली एका ओळीत, स्वतःच्या भाषेत, का चुकलं ते लिहायचं. ‘सिली मिस्टेक’ हे कारण चालणार नाही हे पहिल्या दिवशीच सांगून टाक. सेंटीमीटरचे मीटर केले नाहीत का, व्यास दिला होता आणि त्रिज्या समजून घातला का, की धडाच झालेला नाही, नेमकं तेच लिहायचं. महिन्याभराने ती वही चाळलीस की तुला आपोआप कळेल, कोणाला शिकवायची गरज आहे आणि कोणाला फक्त हळू वाचायला लावायची.

वाचण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नसते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेलं मूल अकरावी सायन्सला आलं की रातोरात सगळं इंग्रजीत. त्याला त्वरण आणि संवेग उत्तम कळलेले असतात. ते अडतं ‘रिस्पेक्टिव्हली’वर, ‘एक्सेप्ट’वर, प्रश्नाच्या शेवटी हळूच आलेल्या ‘नॉट करेक्ट’वर. अशा मुलाला रोज पाच प्रश्न नुसते मोठ्याने वाचायला लाव, सोडवायला नको. काय दिलंय आणि काय विचारलंय एवढंच त्याने मराठीत सांगायचं. वर्गात ज्याला ‘कच्चा’ म्हणतात तो मुलगा अनेकदा इथेच मोकळा होतो. नीटचा पेपर मराठीतही घेता येतो, पुस्तिकेत मराठीसोबत इंग्रजी प्रश्न असतातच, पण भाषा फॉर्म भरतानाच निवडावी लागते. एमएचटी-सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मराठीत मिळतं, मॅथ्स मात्र फक्त इंग्रजीत. म्हणजे तुझ्या मॅथ्सच्या तासाला इंग्रजी वाचनापासून सुटका नाही.

तिघांना एकच परीक्षा द्यायची आहे असंही धरून चालू नकोस, आधी विचारून घे. सीईटीच्या पीसीएम गटात फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे पन्नास-पन्नास प्रश्न 90 मिनिटांत, म्हणजे एका प्रश्नाला 54 सेकंद. मग मॅथ्सचे 50 प्रश्न, पुन्हा 90 मिनिटं, आणि तिथे प्रत्येक प्रश्नाला 2 गुण. दोनशेपैकी शंभर गुण एकट्या मॅथ्सचे, हे मुलांना माहीत असतं पण त्यांच्या वेळापत्रकात कुठे दिसत नाही. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. नीटमध्ये 180 प्रश्न, 180 मिनिटं, बरोबरला 4 आणि चुकीला उणे 1. तिथे चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर ठोकायला हरकत नाही, एकही बाद होत नसेल तर पुढे जायचं, कारण मिनिट जास्त मोलाचं असतं. जेईई मेनला तीन तासांत 75 प्रश्न, म्हणजे तिथे घाई कमी आणि खोली जास्त. सीईटीला साधारण 80 टक्के भाग बारावीचा आणि 20 टक्के अकरावीचा असतो, जेईई आणि नीटला दोन्ही वर्षं लागतात. डिसेंबरात अकरावीचं सगळं पुस्तक उकरत बसायचं की नाही, हे त्यावरून ठरव.

आणि बोर्ड सोडून द्या असं चुकूनही म्हणू नकोस. काही क्लास म्हणतात, तरी. इंजिनिअरिंगला पीसीएममध्ये खुल्या गटासाठी 45 टक्के आणि राखीव गटासाठी 40 टक्के लागतातच, आणि जेईईतून एनआयटीत जायचं तर बारावीला साधारणपणे 75 टक्के किंवा बोर्डातले वरचे 20 पर्सेंटाइल.

सीईटी कॉम्प्युटरवर होते. तालुक्याच्या मुलांनी कित्येकदा माऊस नीट हाताळलेला नसतो. पडद्यावर वाचायचं, कागदावर सोडवायचं, पुन्हा पडद्यावर येऊन क्लिक करायचं, यात मान आणि वेळ दोन्ही जातात. महिन्यातून दोनदा तुझ्या लॅपटॉपवर पूर्ण वेळाचा पेपर लाव, मध्ये पाणी नाही, मोबाईल नाही. जेईई-नीट घेणाऱ्या एनटीएच्या सराव चाचण्या फुकट आहेत, केंद्र सरकारचं ‘साथी’ पोर्टल फुकट आहे, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात. टेस्ट सिरीजच्या मागे लागून आईबापांना खर्चात पाडू नकोस. चाचणी झाल्यावर गुणांपेक्षा जास्त वेळ उत्तरं तपासण्याला दे. तीन तासांचा पेपर असेल तर तपासायला पुढची अख्खी संध्याकाळ जाऊ दे.

आता आईवडिलांचं. दारात उभं राहून वडील विचारतात, ‘किती पडले?’ मूल आत ऐकत असतं. तिथल्या तिथे आकडा सांगू नकोस, आणि दुसऱ्या दोघांच्या आकड्याशी तुलना तर कधीच करू नकोस. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही चाचण्यांचे निकाल जाहीर करू नयेत असं म्हटलंय. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त वर्ग घेऊ नयेत, असंही त्यात आहे. आठवीपासून फाउंडेशनला घालायचं का असं शेजारची कोणी काकू विचारायला आली तर तिला हे सांग. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत हेही आईवडिलांना समजावून सांग. 90 पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात बसलेल्या शंभरातली नव्वद मुलं त्यांच्या मुलाच्या बरोबरीला किंवा मागे. शंभरपैकी नव्वद गुण पडले असा त्याचा अर्थ नाही. घरात यावरून उगाच रडारड होते.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट तिच्या आईच्या कानावर घाल. 2024-25 पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, प्रवेश मात्र केंद्रीभूत प्रवेशाच्या (कॅप) फेरीतून घेतलेला हवा. ‘मुलाला क्लास लावू, हिला बीएस्सी बास’ असं ठरवणारी घरं अजून आहेत. फीचा हिशेब समोर ठेवला की त्यातली काही घरं बदलतात, मी बदललेली पाहिली आहेत.

तुझ्याकडून सगळं होणार नाही, आणि त्यात कमीपणा नाही. ऑरगॅनिक केमिस्ट्री तुला नीट येत नसेल तर ओढूनताणून शिकवू नकोस, दुसऱ्याकडे पाठव. घरची परिस्थिती बेताची असेल तर ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी महाज्योती मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते, टॅबही देते. पुण्यात बी. जे. मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी उभी केलेली ‘लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट’ गरीब मुलांची नीटची तयारी करून घेते. नुकतीच ती परीक्षा देऊन आलेली पोरं शिकवतात, त्यांना नेमकं कुठे अडतं ते ताजं आठवत असतं. तुझंही बळ तेच आहे गं, तुला बारावी आठवते.

तुझी फी मात्र संकोच न करता पहिल्या दिवशी सांग आणि महिन्याच्या महिन्याला घे. ‘बघू, द्या तुम्हाला वाटेल ते’ म्हणालीस तर दोन महिन्यांत तुझाच जीव त्यातून उडेल.

आणि हे फार मनापासून सांगते. एखादं मूल जेवेनासं झालं, झोपेनासं झालं, ‘ताई, मी काही कामाचीच नाही’ असं दोनदा म्हणालं, तर त्या दिवशी पुस्तक मिटून ठेव. तिचं ऐकून घे, आणि तिला सांगूनच तिच्या आईला फोन कर. 14416 हा टेली-मानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर तिघांनाही लिहून ठेवायला सांग. क्लाससाठी लातूरला किंवा नांदेडला खोली घेऊन राहणारी, खानावळीचं जेवणारी सोळा-सतरा वर्षांची कितीतरी मुलं दिवसभरात कोणाशी चार शब्द बोलत नाहीत. तुझी तिघं घरी आहेत, तरी त्यांना ‘आज जेवलीस का?’ असं विचारणारं कोणी आहे असं धरून चालू नकोस.

प्रवेशाला लागणाऱ्या जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल या दाखल्यांचंही आत्ताच विचारून घे. जात वैधतेचा अर्ज कॉलेजमार्फत करता येतो, आणि तो जुलैपर्यंत ताटकळला तर चांगल्या पर्सेंटाइलवरही जागा हातची जाते.

या रविवारी तिघांकडून त्यांचे मागच्या दोन चाचण्यांचे पेपर मागवून घे आणि शिकवायला सुरुवात करण्याआधी फक्त चुकलेली उत्तरं वाच. काही अडलं तर मला फोन कर, रात्री आठनंतर मी मोकळी असते.