समुदायातील वाटा : वासनिकाचे कर्तव्य

उपदेश घेतल्याने जीव मार्गाशी जोडला जातो. परंतु समुदायात आपला वाटा कोणता, हा विचार त्यानंतरही करावा लागतो. येथे पुष्कळ वासनिकांच्या मनात शंका उद्भवते ती अशी : धर्म राखणे हे संन्यस्त साधकांचे कार्य, संसारी माणसाने भिक्षा घालावी, यथाशक्ती दान द्यावे, इतके पुरे नाही काय?

या शंकेच्या समाधानासाठी वाशीमचाच दृष्टान्त घ्यावा. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजा विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट येथे 1939 साली उजेडात आला. त्यातील वंशवर्णन संस्कृतात असून दानाचा मजकूर प्राकृतात आहे. तांबे टिकले, अक्षरेही टिकली. परंतु शतकानुशतके ती वाचणारा कोणी नव्हता. वस्तू राहिली, तिला स्मरणारा समुदाय राहिला नाही.

आता लीळाचरित्राकडे पाहावे. श्रीचक्रधरस्वामींच्या उत्तरापंथे गमनानंतर म्हाइंभटांनी लीळा एकत्र केल्या, त्या एकट्याच्या पांडित्यावर नव्हे. ज्याने जे पाहिले, ज्याने जे ऐकले, ते त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारून घेतले आणि श्रीनागदेवाचार्यांच्या निर्णयाने ते पक्के केले. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली, असे परंपरा सांगते. ताम्रपटाहून येथे उलटे घडले : वस्तू गेली, पण समुदाय राहिला. साधकांच्या स्मरणातून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. त्या पाठांमध्ये हिराइसेचा पाठ आजही तिच्या नावाने ओळखला जातो.

यावरून समुदायातील वाटा तीन प्रकारचा ठरतो : श्रवण, कथन आणि रक्षण. यांपैकी एकही संन्याशापुरता मर्यादित नाही. पंडित शिष्यांनी संस्कृताकडे वळू नये, कारण त्याने साध्यासुध्या म्हाताऱ्या वंचित होतील, ही नागदेवाचार्यांची भूमिका स्मृतिस्थळातून सर्वांस परिचित आहे. आचार्यांच्या दृष्टीने मागे बसून ऐकणारी म्हातारीही समुदायाचे पूर्ण अंग होती. तिला कळेल अशी भाषा राखणे, हाच तिचा वाटा मान्य करणे होय.

येथे एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. वाटा उचलणे म्हणजे आपल्या पदरचे मिसळणे नव्हे. जेथे पाठ भिन्न आहेत, तेथे पूर्वजांनी ते ज्याचे त्याच्या नावे नोंदविले. ऐकलेले आणि कल्पिलेले यांची सरमिसळ होऊ दिली नाही. स्मरणाची शुचिता हीच सेवेची शुचिता.

1998 साली अकोल्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्यात रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा अशी गावे आहेत. तेथील वासनिकाने आटन करीत आलेल्या साधूस भिक्षा अवश्य घालावी. पण त्यासोबत एक लीळा विचारून घ्यावी. रात्री ती मुलांस मराठीत, जशी ऐकली तशी सांगावी. घरातील वृद्धांस पाठ असलेले, त्यांच्या हयातीतच, लिहून ठेवावे. ज्या घरात हे घडत नाही, तेथे देवघरातील पोथीही मातीतल्या ताम्रपटासारखी मुकी होते. ज्या घरात घडते, तेथे पोथी हरवली तरी धर्म हरवत नाही.

दंडवत प्रणाम.