आधी ऐकावे, मग बोलावे

समोरचा माणूस बोलत असतो आणि आपण मनात उत्तर तयार करत असतो. आपल्या सर्वांच्या बाबतीत हे रोज घडते. मुलगी सांगते, "आई, मला हा विषय झेपत नाही," आणि तिचे वाक्य पुरे होण्याआधीच आपण म्हणतो, "मोबाइल बाजूला ठेव, सगळे झेपेल." कार्यालयात सहकारी आपली अडचण सांगू लागतो आणि आपली नजर घड्याळाकडे जाते. केंद्राच्या बैठकीत एखादा नवा साधक चाचरत काही सुचवतो आणि आपण म्हणतो, "हे आम्ही पूर्वीच करून पाहिले आहे." आपल्याला वाटते, प्रश्न सुटला. खरे तर त्या माणसाने आपल्यापाशी बोलणे सोडून दिलेले असते.

ऐकणे ही साधना आहे आणि ज्याच्यावर चार माणसांची जबाबदारी आहे त्याने ती आधी करावी लागते. यासाठी विनोबांच्या जीवनातील दोन प्रसंगांचे चिंतन करू या.

पोचमपल्लीचा प्रसंग

1951 साल. हैदराबादजवळ शिवरामपल्ली येथे सर्वोदय संमेलन होते. विनोबा वर्ध्याजवळच्या पवनारहून तेथे पायी गेले. संमेलन संपल्यावर ते तेलंगणात निघाले. तो प्रदेश तेव्हा जमिनीच्या प्रश्नावरून धुमसत होता. एका बाजूला मोठे जमीनदार, दुसऱ्या बाजूला भूमिहीन शेतमजूर. सशस्त्र लढा चालू होता आणि गावोगाव भीती पसरली होती.

18 एप्रिल रोजी विनोबा नलगोंडा जिल्ह्यातील पोचमपल्ली या गावी पोहोचले. तेथे ते दलित वस्तीत गेले. लोकांनी सांगितले, "आमच्याकडे काम नाही. जमीन मिळाली तर कष्ट करून पोट भरू." विनोबांनी विचारले, "किती जमीन लागेल?" आपसांत विचार करून लोक म्हणाले, "ऐंशी एकर. निम्मी कोरडवाहू, निम्मी ओलिताची."

सरकारकडे अर्ज पाठवावा, असे विनोबांच्या मनात आले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. जमलेल्या गावकऱ्यांनाच त्यांनी विचारले, "सरकारकडून जमीन मिळायला वेळ लागेल. तुमच्यापैकी कोणी काही करू शकेल का?" तेव्हा रामचंद्र रेड्डी नावाचे जमीनदार पुढे आले आणि आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ शंभर एकर जमीन देण्यास तयार झाले. भूदानाची सुरुवात येथून झाली. पुढे सुमारे तेरा वर्षे विनोबा देशभर पायी फिरत राहिले.

या प्रसंगातून काय घ्यावे?

पहिली गोष्ट. विनोबा आधी वस्तीत गेले. ज्याला त्रास आहे त्याच्या दारात जाऊन त्यांनी ऐकले. आपण बहुधा आपल्या खुर्चीत बसून लोकांना बोलावतो आणि मग म्हणतो, "कोणी काही सांगतच नाही." माणूस आपल्या जागी मोकळेपणाने बोलतो. घरातल्या सुनेचे मन स्वयंपाकघरात कळते, कामगाराची अडचण त्याच्या यंत्रापाशी कळते.

दुसरी गोष्ट. "किती लागेल?" हा एक साधा प्रश्न. त्याने तक्रारीला आकार आला. दुःख अफाट वाटते, पण गरज मोजता येते. कोणी आपल्यापाशी मन मोकळे केले तर उपदेश करण्याआधी विचारावे, "तुला नेमके काय हवे आहे?" पुष्कळदा त्याला फक्त कोणीतरी सोबत यायला हवे असते, आणि आपण मात्र त्याला जीवनाचे तत्त्वज्ञान सांगत बसतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. विनोबांनी तो प्रश्न सर्वांसमोर ठेवला. "मी पाहतो, मी करतो" असे म्हणून तो एकट्याच्या डोक्यावर घेतला नाही. उत्तर त्याच गावात, त्याच सभेत बसलेले होते. कोणी विचारलेच नसते तर रामचंद्र रेड्डी त्या दिवशी तसेच घरी परतले असते. आपल्या केंद्रात, आपल्या कुटुंबातही देणारी माणसे असतात. कोणाकडे वेळ असतो, कोणाकडे कौशल्य, कोणाकडे पैसा. त्यांना कोणी विचारत नाही. सगळे काम स्वतःवर ओढून घेणारा कार्यकर्ता थकतो आणि इतरांची सेवेची संधीही हिरावून घेतो.

ऐकल्यानंतरचे काम

या कथेचा पुढचा भागही आपण प्रामाणिकपणे पाहिला पाहिजे. भूदानात चाळीस लाख एकरांहून अधिक जमीन मिळाली. पण त्यातील बरीच जमीन पिकाऊ नव्हती, काही वादात अडकली, आणि पुष्कळ जमीन भूमिहीनांपर्यंत पोहोचलीच नाही. दान मिळवण्यापेक्षा ते योग्य हाती पोहोचवणे कठीण ठरले.

आपल्यालाही हेच लागू आहे. आपण मन लावून ऐकतो, धीर देतो, "नक्की पाहू" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी विसरतो. अशा वेळी न ऐकणारा माणूस बरा म्हणावा लागेल. त्याने निदान आशा तरी दाखवलेली नसते. म्हणून ऐकलेली गोष्ट वहीत लिहून ठेवावी. जे होण्यासारखे आहे त्याला दिवस ठरवावा. जे आपल्याकडून होणार नाही ते त्याच वेळी प्रेमाने सांगावे. शब्द देताना हात आखडता असला तरी चालेल, पाळताना तो मोकळा असावा.

धुळ्याचा तुरुंग

दुसरा प्रसंग 1932 सालचा आहे. विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन केले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकणाऱ्यांत साने गुरुजी होते आणि त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली. आज अनेक भाषांत वाचली जाणारी 'गीता प्रवचने' आपल्या हाती आली ती यामुळे.

साने गुरुजी स्वतः शिक्षक होते, लेखक होते. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. ज्याच्यापाशी स्वतःचे सांगण्यासारखे इतके होते, तो माणूस अठरा रविवार दुसऱ्याचे शब्द टिपत बसला. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्याला बोलता येते म्हणून आपण बोललेच पाहिजे असे नाही. काही वेळा आपल्या वाट्याला लेखणीच येते, आणि तीही तितकीच मोठी सेवा असते.

या आठवड्याची साधना

एक. रोज एका माणसाचे बोलणे मध्ये न तोडता पूर्ण ऐका. तो थांबल्यावर तीन श्वास घ्या, मगच बोला. सुरुवात घरापासून करा, कारण बाहेर आपण संयम पाळतो आणि घरात तो विसरतो.

दोन. उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारा: "मी काय करावे असे तुला वाटते?"

तीन. केंद्राच्या पुढच्या बैठकीत सर्वांत कमी बोलणाऱ्या साधकाला आधी बोलू द्या. ज्याच्याकडे बैठकीची जबाबदारी आहे त्याने शेवटी बोलावे.

चार. गेल्या महिन्यात "पाहतो" असे कोणाला म्हटले होते, ते आठवून लिहा. त्यातील एक तरी गोष्ट या रविवारपर्यंत पूर्ण करा. होणार नसेल तर फोन करून तसे सांगा.

रात्री झोपण्यापूर्वी स्वतःला विचारावे: आज माझ्यापाशी कोण मोकळे झाले? आणि कोणी बोलायला आले होते, पण न बोलताच परत गेले?

दुसऱ्या प्रश्नात एखादे नाव आठवले, तर उद्या सकाळी आधी त्याच्याकडे जावे. पोचमपल्लीत विनोबा वस्तीत गेले होते. वस्तीने त्यांच्याकडे यावे म्हणून ते थांबून राहिले नव्हते.