चुकीविना शिकणे : घंटेचा एक धडा

नाशिक रोडच्या आपल्या वसतिगृहात वंदनेची घंटा लांब वाजते, भोजनाची आखूड. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळतो, वंदनेच्या वेळी ताट घेऊन उभा राहतो आणि सारे हसतात. चुकल्याशिवाय शिकता येत नाही, असे आम्ही शिक्षक फार काळ मानत आलो.

या समजुतीला हर्बर्ट टेरेस या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये आव्हान दिले. कबुतराने लाल दिव्यावर चोच मारली की दाणा मिळे, हिरव्यावर मिळत नसे. काही कबुतरांना हिरवा दिवा उशिरा आणि एकदम पूर्ण तेजाने दाखवला. त्यांच्या हजारो चुका झाल्या. इतरांना तो आरंभापासूनच, प्रथम मंद व क्षणभर, मग क्रमाक्रमाने तेजस्वी व दीर्घ असा दाखवला. त्यांच्या चुका नगण्य ठरल्या. चुकत शिकलेली कबुतरे हिरवा दिवा दिसताच पंख फडफडवीत, तोंड फिरवीत. न चुकता शिकलेली शांत राहत.

काळाचा भेद याहून सूक्ष्म असतो, कारण कालावधी डोळ्यांना दिसत नाही. येथे प्राणी वजाबाकीपेक्षा प्रमाण जाणतो. चर्च आणि डेलुटी यांनी १९७७ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून हे दिसले : २ आणि ८ सेकंदांचा मध्य उंदराला ५ नव्हे, ४ सेकंदांपाशी वाटतो. म्हणून २ व ८ सेकंदांतील भेद सोपा, २ व ३ मधील अवघड. शिकवणाऱ्याने दूरच्या कालावधींपासून आरंभ करावा, योग्य उत्तराची खूण प्रथम ठळक ठेवावी आणि ती हळूहळू पुसत अंतर कमी करावे.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. नियम उलटवला की चुकीविना शिकलेल्या कबुतरांना तो बदल जड गेल्याचे पुढील संशोधनात आढळले. म्हणजे चूक सर्वस्वी त्याज्य नाही. तिच्यासोबत येणारी भीती मात्र टाळता येते.

ज्यांच्या घरात शिकणारी पहिलीच पिढी आहे, त्या मुलांसाठी ही बाब लहान नाही. एका हशाने मूल पुस्तकापासून तोंड फिरवू शकते. पालकहो, मूल चुकले तर ‘हा मठ्ठ आहे’ असे म्हणण्यापूर्वी स्वतःला विचारू या : आपण पायरी फार उंच तर ठेवली नाही ना?

आता आम्ही नव्या मुलांना पहिला आठवडा दोन्ही घंटा शेजारी उभे राहून समजावतो. नंतर बाजूला होतो.