इंजिनास रंग देताना : घरच्या अंगणातील एक अभ्यासपाठ

मोटारसायकल ही आता आपल्याकडील बहुसंख्य घरांत चैनीची वस्तू राहिलेली नाही. कोणी तिच्यावरून दूध पोहोचवितो, कोणी रोज तीस-चाळीस किलोमीटरवरील कारखान्यात कामास जातो, तर कोणी मुलीस परीक्षाकेंद्रावर सोडतो. दहा-बारा वर्षे अशी सेवा केल्यानंतर गाडीच्या टाकीचा रंग बरा असतो. परंतु इंजिन मात्र काळवंडलेले, पांढुरकी भुकटी धरलेले आणि तेलकट चिखलाने माखलेले दिसते. बाजारात मिळणाऱ्या स्प्रेच्या डब्याने हे इंजिन घरच्या घरी रंगविता येईल काय, असा प्रश्न आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या मनात असतो. येईल, असे आमचे उत्तर आहे. मात्र हे काम हाताइतकेच विचाराचेही आहे. म्हणून कृतीबरोबर तिच्यामागील कारणेही या पाठात आम्ही मांडीत आहोत.

उदाहरणासाठी आम्ही हिरो होंडा स्प्लेंडर ही सर्वपरिचित गाडी घेतली आहे. १९९४ साली बाजारात आलेल्या या गाडीचे इंजिन ९७.२ सीसीचे, एका सिलिंडरचे, चार फेऱ्यांचे आणि हवेने थंड होणारे आहे. त्याचा सिलिंडर जवळजवळ आडवा असल्याने हेडचा भाग पुढच्या चाकाच्या मागे येतो आणि चाकाने उडविलेला चिखल थेट त्यावर बसतो. हवेने थंड होणाऱ्या इतर गाड्यांनाही पुढील विवेचन थोड्याफार फरकाने लागू पडेल.

रंग कशासाठी?

इंजिनाचे बहुतेक बाह्य भाग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे असतात. ॲल्युमिनियम हवेत उघडे पडताच त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर तयार होतो व तोच आतील धातूचे रक्षण करतो. परंतु सतत ओल, चिखल आणि विशेषतः समुद्रकाठची खारी हवा लाभली की हे संरक्षण जागोजागी तुटते आणि पांढरी भुकटी दिसू लागते. कोकणातील गाड्यांत हा प्रकार लवकर आढळतो तो यामुळेच. रंगाचा थर ओल व क्षार यांना धातूपासून दूर ठेवतो. शोभा हा त्याचा दुसरा लाभ.

रंगामुळे इंजिन अधिक तापते काय, ही शंका योग्य आहे. चालत्या गाडीत फिन्समधून वाहणारी हवा बहुतांश उष्णता वाहून नेते. काही उष्णता प्रारणाने बाहेर पडते. चकचकीत, उघडे ॲल्युमिनियम प्रारण फारच कमी करते. त्याच तापमानाचा काळा रंगविलेला पृष्ठभाग त्याच्या दहापटीच्या आसपास प्रारण करतो. येथे एक गंमत विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. इंजिनाच्या तापमानास होणारे प्रारण डोळ्यांस न दिसणारे, अवरक्त असते आणि त्या प्रारणाच्या बाबतीत साधा पांढरा रंगही जवळजवळ काळ्यासारखाच वागतो. तेव्हा पातळ थराचा कोणताही योग्य रंग इंजिनास घातक नाही. घातक आहे तो जाड थर, आणि त्याहून घातक आहे तो फिन्समध्ये भरलेला चिखल. कारण तो हवेचा मार्गच अडवितो. रंग देण्यापूर्वी केलेली स्वच्छता हीच इंजिनाची निम्मी सेवा होय.

आधी परीक्षा, मग रंग

या पाठातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आम्ही येथेच सांगून टाकतो. रंग हा दुरुस्तीचा पर्याय नव्हे. गळणाऱ्या इंजिनावर दिलेला रंग त्या जागी टिकत नाही. टिकलाच, तर गळती काही काळ झाकून ठेवतो. दरम्यान आतील तेलाची पातळी घटत जाते आणि तेलाविना चाललेले इंजिन एखाद्या दिवशी भर रस्त्यात जाम होते. ज्या घराची रोजी त्या गाडीवर आहे, त्या घरास हा खर्च पेलवत नाही. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानेही हेच ध्यानी धरावे : नव्याने रंगविलेले इंजिन पाहून भुलू नये, तर अधिक बारकाईने पाहावे.

म्हणून प्रथम इंजिन धुवावे. डिझेल किंवा रॉकेल ब्रशने लावून दहा मिनिटे मुरू द्यावे, चिखल खरवडावा आणि मग साबणाच्या पाण्याने तेलकटपणा पूर्णपणे काढावा. कार्बोरेटर, प्लगची टोपी व वायरिंगचे जोड यांवर पाण्याची जोरदार धार मारू नये. मोरी साफ करण्याचा कॉस्टिक सोडा तर चुकूनही वापरू नये. तो ॲल्युमिनियमलाच खातो व त्या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

इंजिन वाळल्यावर ते थंड असतानाच संशयित जोडांवर थोडी टाल्कम पावडर शिंपडावी, इंजिन काही मिनिटे चालवावे आणि पाहावे. जेथे पावडर ओली होऊन काळवंडते, तेथे गळती आहे. हेडचा जोड, क्लच कव्हर, मॅग्नेट कव्हर, गिअरच्या शाफ्टचे ऑइल सील आणि तेल काढण्याचा बोल्ट या जागा विशेष तपासाव्यात. गळती आढळल्यास पॅकिंग किंवा सील बदलून घ्यावे आणि मगच पुढे जावे.

कोणता रंग घ्यावा?

लोखंडी दारास वा खिडकीस मारण्याचा साधा स्प्रे इंजिनास चालत नाही. ओझे घेऊन घाट चढताना हेडचे तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाऊ शकते. अशा उष्णतेत साधा रंग प्रथम पिवळा पडतो, मग ठिसूळ होऊन त्याचे पोपडे निघतात. इंजिनासाठी निराळा उष्णतारोधक रंग मिळतो; तो साधारणतः २५० ते ३०० अंशांपर्यंत टिकतो. सायलेन्सरसाठीचा सिलिकोनयुक्त रंग ६०० अंशांच्या आसपास टिकणारा असतो, कारण हेडजवळ सायलेन्सरचा नळ इंजिनाहून कितीतरी अधिक तापतो. डब्यावर छापलेले तापमान वाचूनच रंग घ्यावा. प्रायमरही तितक्याच उष्णतेस टिकणारा, ॲल्युमिनियमवर चालणारा आणि शक्यतो त्याच कंपनीचा असावा. ४०० मिलिलिटरचा एक डबा या आकाराच्या इंजिनास सहसा पुरतो. तरी दुसरा हाताशी ठेवणे शहाणपणाचे.

पृष्ठभागाची तयारी

रंग टिकणे हे रंगापेक्षा तयारीवर अधिक अवलंबून असते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची ऋण तार काढावी आणि सायलेन्सर उतरवावा. प्लग जागेवरच राहू द्यावा, म्हणजे सिलिंडरमध्ये काही पडणार नाही.

सुटलेला जुना रंग व पांढरी भुकटी पितळी किंवा नायलॉनच्या ब्रशने काढावी. साध्या पोलादी तारेचा ब्रश ॲल्युमिनियमवर वापरल्यास लोखंडाचे सूक्ष्म कण धातूत रुततात आणि पुढे तेथेच गंजाचे ठिपके उमटतात. यानंतर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने खडबडीत जागा, मग २२० व शेवटी ४०० नंबरच्या कागदाने सर्व पृष्ठभाग घासावा. जो जुना रंग घट्ट बसला आहे तो मुळापासून काढण्याची गरज नाही. त्याची चमक मोडली म्हणजे पुरे. फिन्सच्या खोबणीत बोट जात नाही. तेथे कागदाची घडी लाकडी पट्टीस गुंडाळून घासावी.

मग झाकण्याचे काम. कार्बोरेटर, प्लग, सायलेन्सरचे तोंड, तेलाच्या टोपीची फट, हवा सोडणारी नळी, वायरिंग, पुढचे चक्र व त्यामागील ऑइल सील, तसेच दोन्ही चाके व ब्रेक हे सर्व मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रे व प्लॅस्टिक यांनी झाकावे. इंजिनास जोडलेल्या अर्थच्या तारेखालील जागा रंगवू नये. रंग विजेचा दुर्वाहक असल्याने तेथील संपर्क बिघडतो. क्रँककेसवर कोरलेल्या इंजिन क्रमांकावरही टेप लावावा. तो क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात असतो. तो घासून किंवा रंगाने बुजवून अस्पष्ट झाला, तर प्रामाणिक मालकासही खुलासे देत बसावे लागते.

शेवटी लोकर न सोडणाऱ्या स्वच्छ फडक्यावर थिनर घेऊन सर्व पृष्ठभाग पुसावा आणि त्यानंतर उघड्या हाताने त्यास स्पर्श करू नये. बोटाचा तेलकट ठसादेखील रंगाची पकड सोडवितो.

रंगाचे हात

हवा कोरडी असावी. दिवाळी ते होळी हा काळ महाराष्ट्रात या कामास उत्तम. त्यातही दव वाळल्यानंतरची सकाळ चांगली. पावसाळ्यात हे काम करू नये. रंगातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतील बाष्प त्यावर साचते आणि रंगावर दुधाळ झाक येते.

डबा किमान दोन मिनिटे हलवावा, म्हणजे आतील गोळी तळाचा रंग ढवळून काढील. फवारा २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून मारावा. हात सतत चालता ठेवावा. फवारा इंजिनाच्या कडेबाहेर सुरू करावा व पलीकडे कडेबाहेरच सोडावा. प्रथम फिन्सच्या खोल जागा निरनिराळ्या कोनांतून घ्याव्यात, मग बाहेरचा सपाट भाग. पहिला हात इतका पातळ असावा की खालचा पृष्ठभाग त्यातून दिसावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, तितक्याच अवधीने तिसरा. एक जाड हात आणि तीन पातळ हात यांत रंग सारखाच खर्ची पडतो. परंतु जाड हाताचे ओघळ येतात आणि वरचा पापुद्रा आधी सुकून आतला द्रावक कोंडतो. इंजिन तापल्यावर तोच द्रावक फोड उठवितो. दोन हातांमधील अवधीबाबत डब्यावर जी सूचना असेल ती पाळावी. अर्धवट वाळलेल्या थरावर अवेळी रंग मारल्यास खालचा थर सुरकुततो.

काम संपताच डबा उलटा धरून केवळ वायू बाहेर येईपर्यंत दाबावा. त्यायोगे तोटी चोंदत नाही.

उष्णतेने पक्के करणे

येथे पुष्कळांचा धीर सुटतो. हाताला कोरडा लागणारा रंग पक्का झालेला नसतो. उष्णतारोधक रंग इंजिनाच्या उष्णतेनेच पूर्ण कठीण होतो आणि तोवर पेट्रोलचा एक थेंबही त्यास विरघळवू शकतो. एक दिवस वाळू दिल्यावर टेप काढावा, नवी पॅकिंग घालून सायलेन्सर बसवावा व बॅटरी जोडावी. प्रथम इंजिन पाच मिनिटे चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे. पुन्हा दहा मिनिटे चालवून थंड करावे. तिसऱ्या वेळी पंधरा-वीस मिनिटे संथपणे फेरफटका मारावा. उभ्या गाडीचे इंजिन फार वेळ चालविल्यास वाऱ्याअभावी ते अतिशय तापते. पहिल्या वेळी थोडा धूर व वास येईल, त्याने घाबरू नये. मात्र हे सारे उघड्यावरच करावे. बंद खोलीत चाललेल्या इंजिनाचा कार्बन मोनॉक्साइड वायू वासाने कळत नाही आणि जीव घेतो.

जिवाची काळजी

स्प्रेच्या डब्यात रंग बाहेर ढकलणारा वायू बहुधा ज्वलनशील असतो, द्रावकही ज्वलनशील असते. म्हणून जवळ चूल, गॅस, उदबत्ती, विडी-सिगारेट काहीही पेटलेले नसावे. डबा उन्हात ठेवू नये. ५० अंशांहून अधिक तापल्यास तो फुटू शकतो. रिकामा डबाही कचऱ्याबरोबर जाळू नये. तोंडावर रुमाल बांधल्याने द्रावकाची वाफ अडत नाही. त्यासाठी कोळशाची गाळणी असलेला मुखवटा लागतो. डोळ्यांस चष्मा व हातांत मोजे घालावेत. लहान मुलांस आणि गर्भवती स्त्रियांस तेथून दूर ठेवावे. मुलांनी पाहावे, शिकावे, पण ते धुण्या-घासण्याच्या टप्प्यापर्यंत. फवाऱ्याच्या वेळी नव्हे.

अभ्यासासाठी

वसतिगृहातील विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या वहीत लिहावीत. पांढरा व काळा रंग इंजिनाच्या तापमानास जवळजवळ सारखेच प्रारण का करतात? दमट दिवशी रंगावर दुधाळ झाक का येते? तीन पातळ हात एका जाड हाताहून श्रेष्ठ का? अर्थच्या तारेखाली रंग का नसावा? भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र ही पुस्तकात कोंडलेली शास्त्रे नाहीत, हे या चार उत्तरांतून त्यांना आपोआप कळेल.

या कामास दोन दिवस व थोडके पैसे लागतात. खरे भांडवल लागते ते धीराचे. त्यातील बराच काळ धुणे, घासणे, झाकणे यांत जातो आणि तो कोणास दिसत नाही. दिसतो तो अखेरचा अर्ध्या तासाचा फवारा. परंतु पुढच्या पावसाळ्यात रंग टिकला, तर तो त्या न दिसलेल्या कष्टांमुळेच टिकलेला असेल. पालकांनी आपल्या मुलामुलींस अशा कामात बरोबरीने घ्यावे, ही आमची विनंती आहे. घराचे पोट ज्या यंत्रावर चालते, ते यंत्र आतून-बाहेरून ओळखणारा हात त्या घरात तयार व्हावा, एवढाच या पाठाचा हेतू.