स्कायलॅबचा दुसरा पंख

माझ्या स्कायलॅबला दोन पंख होते. पंख म्हणजे सौरपट्ट्यांच्या त्या लांब फळ्या, मुख्य नळकांड्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या. आठ महिने, रात्रीचं जेवण उरकलं की तास-दीड तास गॅलरीत बसून मी ते मॉडेल केलं होतं. गणपतीत सोसायटीच्या सजावटीत ठेवायचं असं ठरलंही होतं. आठवडा उरलेला असताना एका रात्री जुने फोटो चाळत बसलो आणि एका फोटोवरून लक्षात आलं, की अवकाशात फिरणाऱ्या खऱ्या स्कायलॅबला, नासाच्या त्या अवकाशस्थानकाला, पसरलेले दोन पंख कधी नव्हतेच. एकच होता.

मनाला जास्त लागलं ते पुढचं. तो फोटो माझ्याकडे पहिल्या दिवसापासून होता. एकच पंख दिसतोय हेही मी पाहिलं होतं आणि स्वतःची समजूत घातली होती, की दुसरा आड गेला असेल, कोनच तसा आहे. कारण माझ्या टेबलासमोर जे मोठं, देखणं चित्र लावलेलं होतं त्यात दोन्ही पंख डौलात पसरलेले होते. ते चित्र होतं, फोटो नव्हता. उड्डाणाच्या आधी, यान कसं दिसेल हे दाखवायला काढलेलं.

स्कायलॅबच का, असं लोक विचारतात. माझ्या वयाच्या माणसाला हे विचारावं लागू नये. १९७९ मध्ये मी चौथीत होतो, कराडजवळच्या एका गावात. ‘स्कायलॅब पडणार’ ही बातमी पाऊस लागावा तशी गावभर लागून राहिली होती. आम्ही पोरं शाळेत जाताना दप्तर डोक्यावर धरायचो. ११ जुलैच्या रात्री आईनं आम्हा चौघांना पडवीतून उचलून माजघरात निजवलं, जणू ७५ टनांचं धूड कौलांना भिऊन थांबणार होतं. ती पडली हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात. तिथल्या एस्परन्स गावानं कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलरचा दंड लावला, हे मला पुढं वीस-पंचवीस वर्षांनी कळलं आणि फार बरं वाटलं.

तर घडलं होतं असं. १४ मे १९७३ रोजी स्कायलॅब सॅटर्न-५ रॉकेटवरून सुटली. उड्डाणानंतर मिनिटभरातच तिच्या अंगावरचं उल्कासंरक्षक कवच हवेच्या झोतानं उचकटून गेलं. जाताना त्यानं एका पंखाची पकड सैल केली आणि तो पंख कक्षेत पोचेपर्यंत गळून पडला. दुसऱ्या पंखात त्याच कवचाची एक धातूची पट्टी अडकून बसली, त्यामुळे तो उघडेना. कवच नाही म्हटल्यावर ऊन थेट अंगावर, आतलं तापमान पन्नास अंशांच्या वर. ११ दिवसांनी कॉनरॅड, कर्विन आणि वाईट्झ हे तिघे अंतराळवीर वर गेले. आतल्या एका छोट्या झडपेतून त्यांनी छत्रीसारखं कापड बाहेर काढून उघडलं. ७ जूनला कॉनरॅड आणि कर्विन बाहेर पडले, ती पट्टी कापली आणि अडकलेला पंख मोकळा केला. ६ ऑगस्टला दुसऱ्या तुकडीतल्या गॅरियट आणि लाउस्मा यांनी दोन लांब काठ्यांवर ताणलेलं आणखी एक कापड त्या छत्रीवर टाकलं.

म्हणजे ‘स्कायलॅबचं मॉडेल’ असं काही नसतंच. १४ मेच्या सकाळचं मॉडेल वेगळं, जूनच्या पहिल्या आठवड्यातलं वेगळं, ऑगस्टनंतरचं आणखी वेगळं. हे अपोलोच्या यानांनाही लागू आहे. अपोलो-११ च्या चांद्रयानाच्या चार पायांपैकी तिघांनाच खाली लोंबणाऱ्या स्पर्शकाड्या होत्या. शिडीच्या पायाची काडी आधीच काढून टाकली होती, उतरणाऱ्याला लागू नये म्हणून. सॅटर्न-५ चे कितीतरी किट असे निघाले, की त्यांतल्या काळ्या-पांढऱ्या रंगाचे पट्टे कधीही न उडालेल्या एका चाचणी-रॉकेटवरून घेतलेले होते. खोक्यावरचं चित्र पाहून रंग दिलात, तर कुठल्याच उड्डाणाचं रॉकेट तयार होत नाही. संग्रहालयात उभं आहे म्हणून खरं मानावं, तर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधलं चांद्रयान कधी उडालेलंच नाही. ते अपोलो-११ सारखं दिसावं म्हणून नंतर सजवलंय. म्हणून नव्यानं या छंदात पडणाऱ्याला मी एकच अट घालतो. पाना-पक्कड हातात घेण्याआधी एका कागदावर यानाचं नाव आणि एक तारीख लिही. माझ्या दुसऱ्या प्रयत्नाच्या कागदावर ‘८ फेब्रुवारी १९७४’ असं आहे, शेवटची तुकडी परत निघाली तो दिवस. त्या दिवशीचे निरोपाचे फोटो उत्तम आहेत. एकच अडचण झाली. मी तुकड्यांची ने-आण करणारं अपोलो यानही मेहनतीनं केलं होतं आणि स्कायलॅबच्या तोंडाला जोडणार होतो. पण ज्या यानात बसून फोटो काढला, ते फोटोत जोडलेलं कसं असेल? आता ते बोटभर अंतरावर तारेवर तरंगतं. खरं सांगायचं तर तेच जास्त छान दिसतं.

पंखाची चूक डोळ्यांची होती. त्याआधीची चूक हिशेबाची. स्कायलॅबचं मुख्य नळकांडं ६.६ मीटर व्यासाचं. मी ठरवलं एकास शंभर, कारण आकडेमोड सोपी, मीटरचा सेंटिमीटर. दुकानात ६६ मिलिमीटरचा पाइप मिळत नाही. ६३ चा पीव्हीसी मिळतो. तीन मिलिमीटरनं काय होतंय, म्हणून घेतला. तीन मिलिमीटर म्हणजे खऱ्या यानात तीस सेंटिमीटर. पुढं प्रत्येक जोड थोडा थोडा बसेना आणि मी प्रत्येक वेळी ‘घासून घेऊ’ म्हणत राहिलो. घासून घासून पुढचा भाग शंकूसारखा निमुळता झाला.

उलटं करायचं असतं. हाताशी मिळणारी सगळ्यात मोठी गोल वस्तू कोणती, ती आधी शोधायची आणि प्रमाण तिच्यावरून काढायचं. ७५ मिलिमीटरचा पाइप घेतला की प्रमाण येतं एकास अठ्ठ्याऐंशी. आकडा बेंगरूळ आहे, पण कॅल्क्युलेटरला त्याचं काही वाटत नाही. पुढचा, यानं जिथं येऊन जोडली जात तो भाग सुमारे तीन मीटरचा, म्हणजे ३५ मिलिमीटरला किंचित कमी. ३२ च्या पाइपवर जाड कागदाचे थर गुंडाळले की जमतं. पीव्हीसीवर रंग धरत नाही, तेव्हा पॉलिशपेपरनं चकाकी पूर्ण मारायची, पाण्यात भिजवून घासायचं म्हणजे भुगा उडत नाही, आणि मग प्रायमर. कोरडं घासणार असाल तर तोंडाला मास्क हवाच. माझी बायको म्हणायची, डोळ्यांवर चष्मा आणि तोंडाला फडकं, आपल्याच घरात दरोडा घालताय की काय.

हसणं एका प्रसंगानंतर थांबलं. सुपरग्लूची बाटली टेबलावर लवंडली. मी जवळ होतं ते जुनं बनियन घेतलं आणि पुसलं. दोन-तीन सेकंदांत बनियन हातात तापलं, धूर आला आणि करंगळीला चटका बसून फोड आला. हा गोंद सुती कापडाशी भेटला की झपाट्यानं घट्ट होतो आणि तसं होताना चांगलाच गरम होतो. डोळ्यांना झोंबणारी वाफ वेगळी. हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून टेबलावर सुती चिंधी ठेवत नाही. गोंद सांडला तर प्लास्टिकच्या तुकड्यानं ओढून घेतो, नाहीतर तिथंच वाळू देतो, आणि खिडकी सताड उघडतो. दुसरं, कटरचं पातं. गोल दांड्याचा कटर टेबलावरून घरंगळतो आणि हात आपोआप तो झेलायला जातो. झेलायचा नसतो. मी दांड्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलाय, घरंगळतच नाही.

रंगाचं सांगतो, कारण आपल्याकडं त्यात पावसाचा हात असतो. सौरपट्ट्यांना मी जुलैमध्ये गडद निळा-काळा स्प्रे मारला, डोंबिवलीत, बाहेर धो धो चालू असताना. दहा मिनिटांत पट्ट्यांवर दुधाळ झाक पसरली. थिनर उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि ती रंगातच अडकते. पांढऱ्यावर हे चटकन कळत नाही, काळ्यावर लपत नाही. गाडी रंगवणारे अशा दिवसांत रिटार्डर मिसळतात. माझ्यासारख्यानं सरळ थांबावं. जून ते सप्टेंबर कापाकापी आणि जोडणी, रंग दिवाळीनंतर. गणपतीची घाई होती म्हणून मी थांबलो नाही. वर आणखी एक उद्योग केला. खराब झालेल्या थरावर आधी डब्यातला तेलरंग ब्रशनं लावला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर पुन्हा लॅकरचा स्प्रे. सकाळी बघतो तर साईवर सुरकुत्या पडाव्यात तसा रंग गोळा झालेला. लॅकरवर तेलरंग चालतो, तेलरंगावर लॅकर चालत नाही. पाइपचा उरलेला तुकडा टाकू नका, प्रत्येक थर आधी त्यावर बघा. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता असं नाही. दिला होता.

बारकाव्यांचा मोह हा मात्र छंदातला गोड रोग. पत्र्यांचे सांधे दाखवायला मी पाइपवर सुईनं रेघा कोरल्या, अर्धा मिलिमीटर रुंद. किती सुबक दिसल्या! अर्ध्या मिलिमीटरला अठ्ठ्याऐंशीनं गुणलं तर चव्वेचाळीस मिलिमीटर होतात. खऱ्या यानात एवढी फट असती तर आतल्या माणसांची हवा पहिल्याच दिवशी संपली असती. आपल्या डोक्यावरचा केस या प्रमाणात सहा-सात मिलिमीटरची दोरी होतो, हे एकदा मनात बसलं की हात आपोआप आवरतो. सांधे आता मी पेन्सिलीनं दाखवतो, कधी नुसत्या रंगाच्या किंचित फरकानं. अँटेनांना खराट्याचा हीर फार जाड पडतो, बारीक स्टीलची तार बरी. कवच गेल्यावर उघडी पडलेली सोनेरी बाजू करायला मी चॉकलेटची चांदी वापरली, सोनेरी बाजू वर. चुरगळून पुन्हा सपाट केली की सुरकुत्या पडतात आणि वाटतं, वा! पण त्या सुरकुत्या खऱ्यात फारच खोल झाल्या असत्या. चांदी गुळगुळीत ठेवून बोटाच्या टोकानं फक्त हलकी दाबायची. वरच्या सावलीच्या कापडाला पतंगाचा कागद, पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून, ओला असतानाच काठ्यांवर टाकायचा. वाळताना तो स्वतःच खऱ्या कापडासारखा थोडा झोळतो. एवढी एक गोष्ट मला पहिल्या फटक्यात जमली.

आता त्या रात्रीकडं येतो. चूक कळली, घड्याळात साडेबारा. शहाणा माणूस झोपला असता. मी फोटो बघितला, डावीकडचा पंख गेलेला आहे हे पाहिलं, आणि माझ्या मॉडेलचा डावीकडचा पंख पक्कडीनं धरून उपटला. सोबत पाइपवरचा रंग तळहाताएवढा निघाला. मग मॉडेल उचलून फोटोशेजारी धरलं. फोटोत यानाचं जे टोक वर होतं, ते टेबलावर माझ्याकडं तोंड करून होतं. डावा होता तो उजवा होता. चुकीचा पंख गेला होता. पुढची पंधरा मिनिटं मी काय केलं ते लिहीत नाही, पण सकाळी दोन्ही पंख बिस्किटाच्या डब्यात होते. गणपतीला सोसायटीनं थर्माकोलचं चांद्रयान ठेवलं.

मोडायची वेळ आली तर रात्री मोडू नये. मॉडेलवर आधी मास्किंग टेपचे तुकडे लावून ‘वर’, ‘सूर्याकडे’, ‘दुर्बिणीची बाजू’ असं लिहावं. मग फोटो त्याच दिशेनं फिरवून शेजारी ठेवावा आणि एक दिवस काहीच करू नये. मी डावा-उजवा हे शब्दच सोडून दिलेत.

दुसरी स्कायलॅब पुढच्या मार्चमध्ये झाली. ७५ चा पाइप, कोरड्या हवेतला रंग, ८ फेब्रुवारी १९७४, पंख एक. मेमध्ये आई गावाहून आली. तिला मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नवी नजर आलेली, त्यामुळे ती घरातलं सगळंच उचलून बघत होती.

“हीच का ती?” तिनं विचारलं. “हिच्यापायी त्या रात्री तुम्हाला माजघरात निजवलं होतं.”

हीच, म्हटलं.

तिनं मॉडेल हलक्या हातानं फिरवलं. जिथं काही नव्हतं त्या बाजूवर बोट ठेवलं.

“हिथला तुटला वाटतं.”

मी तिला सगळं सांगितलं. कवच, पट्टी, पंख, काठ्यांवरचं कापड. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“बरं,” ती म्हणाली, “पण मग चिकटव की. एवढा गोंद पडलाय घरात.”