शेड्यूल ई(१) आणि वैद्याचे दायित्व

कोणते औषध रुग्णाने स्वतः विकत घ्यावे आणि कोणत्या औषधासाठी चिकित्सकाची चिठ्ठी आवश्यक मानावी, याचा निर्णय प्रत्येक शासनास करावा लागतो. ब्रिटनमध्ये १९६८ च्या औषध कायद्यापासून असे तीन वर्ग रूढ आहेत : केवळ चिठ्ठीवर मिळणारी, फार्मासिस्टच्या देखरेखीखाली मिळणारी आणि सर्वसाधारण दुकानांतही मिळणारी औषधे. आपल्याकडे हे कार्य औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांतील शेड्यूल्स करतात. या व्यवस्थेत आपल्या औषधांचे स्थान कोठे आहे, हे प्रस्तुत लेखात पाहू.

आधुनिक औषधांची व्यवस्था

शेड्यूल एचमधील औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-१ मधील औषधांसाठी विक्रेत्याने चिकित्सक, रुग्ण, औषध व मात्रा यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करून ती तीन वर्षे जतन करावयाची असते. शेड्यूल एक्सच्या औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत लागते. त्यांतील एक प्रत विक्रेत्याकडे दोन वर्षे राहते. थोडक्यात, येथे औषध व रुग्ण यांच्यामध्ये चिकित्सक, परवानाधारक विक्रेता आणि नोंदवही असे तीन पहारेकरी आहेत.

आयुर्वेदीय औषधांची व्यवस्था

१९६४ च्या दुरुस्तीने कायद्यात आयुर्वेदीय औषधांसाठी प्रकरण ४-अ समाविष्ट झाले. त्यानुसार निर्मितीस परवाना लागतो. विक्रीस मात्र नाही. वत्सनाभ, धत्तूर, भल्लातक, गुंजा, कुपीलु, पारद, हिंगुळ, हरताळ आदी विषद्रव्ये शेड्यूल ई(१) मध्ये सूचीबद्ध आहेत. अशा द्रव्यापासून सिद्ध केलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर नियम १६१ नुसार 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' या अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदीत ठळकपणे छापावी लागते.

याचा व्यावहारिक अर्थ ध्यानी घ्यावा. त्रिभुवनकीर्ती रसात हिंगुळ व वत्सनाभ आहेत, शिवाय धत्तूररसाची भावना आहे. तरीही ज्वर आला की रुग्ण तो दुकानातून सहज आणतो. त्याच्या मार्गात वेष्टनावरील ती एक ओळच काय ती उभी असते.

सूचीची मर्यादा

ही वर्गवारी द्रव्यावर आधारित आहे. मात्रा, वय, बल, गर्भावस्था यांचा विचार ती करीत नाही. तसेच सूचीबाहेरील द्रव्य सर्वांस निर्धोक असते असेही नाही. यष्टीमधु ई(१) मध्ये नाही. परंतु दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतल्यास त्याने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते. चरकाचार्यांनी औषधाची सिद्धी युक्तीवर अवलंबून मानली, ती याच कारणाने. युक्तीचा हा विचार कोणतेही शेड्यूल करू शकत नाही; तो वैद्यासच करावा लागतो.

आपण काय करावे

१) ई(१) ची सूची चिकित्सालयात हाताशी ठेवावी.
२) अशा कल्पाची चिठ्ठी लिहिताना मात्रा, अनुपान आणि औषध थांबविण्याचा दिनांक स्पष्ट लिहावा.
३) रुग्णाने परस्पर आणलेल्या औषधांविषयी प्रत्येक भेटीत विचारावे व जुनी चिठ्ठी पुन्हा वापरू नये असे सांगावे.
४) वत्सनाभयुक्त औषधानंतर ओठ-जिभेस मुंग्या येणे, बधिरता, छातीत धडधड ही लक्षणे दिसल्यास औषध थांबवून रुग्णास तात्काळ रुग्णालयात पाठवावे.
५) अनिष्ट परिणामांची नोंद ठेवून आयुष औषधसतर्कता केंद्रास कळवावी.

आपल्या औषधांना विक्रीचे बंधन नाही, यास काही जण सवलत समजतात. आमच्या मते ती सवलत नसून जबाबदारी आहे. दुकानदारावर जे बंधन कायद्याने घातलेले नाही, ते आपण स्वतःवर घालून घेतले तरच रुग्णाचे रक्षण होईल.